हवालदाराचा कुठला हात?

युद्धाचं सत्य एकच असतं, आणि ते रणांगणावर उभं राहिलेल्यालाच ठाऊक असतं.

हे वाक्य मी हिवरशाच्या हायस्कुलातल्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलं. मी तिथे हिंदी शिकवत होतो. रणांगणाशी माझा संबंध एवढाच, की कॉलेजात असताना जुलाब लागल्यामुळे मला एनसीसीच्या कॅम्पातून मध्येच घरी पाठवलं होतं. पण शाळेचं सुविचारांचं पुस्तक वाळवीनं खाल्लेलं, त्यामुळे रोजचा सुविचार मलाच रचावा लागे.

"लई भारी लिवलंय सर," खिडकीतून वाचून सुभेदार जगदाळे म्हणाले. "पण खाली नाव टाका. कोण बोललंय हे?"

"मीच."

"मग पुसा. नायतर कुणातरी मोठ्या माणसाचं नाव घाला."

सुभेदार शाळेच्या खुर्च्या मागायला आले होते. भैरोबाची जत्रा सुरू होती, आणि त्या संध्याकाळी बाबालाल मुलाणीच्या टुरिंग टॉकीजमध्ये 'बर्फीली चौकी' हा नवा युद्धपट लागणार होता. नवा म्हणजे साताऱ्यात लागून, उतरून, विसरला गेलेला. हिवरशाला नवा. गाव फौजींचं, घरटी एक माणूस पलटणीत होता किंवा पलटणीतून परत आलेला होता. माजी सैनिकांनी जमिनीवर बसून लढाई बघणं सुभेदारांना मंजूर नव्हतं. मी खुर्च्या दिल्या.

बाबालालच्या तंबूची रचना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. तंबूच्या मधोमध एकच पडदा. अलीकडे मशीन आणि पुरुष, पलीकडे बायका. पांढरं पातळ कापड; बाबालाल खेळाआधी त्यावर पाणी मारायचा, म्हणजे चित्र पलीकडेही लख्ख उतरायचं. बायकापुरुष एकाच तंबूत असून एकमेकांना दिसत नाहीत, यावर सगळं गाव खूश होतं. पलीकडे चित्र उलटं दिसतं, याबद्दल आजवर कुणी तक्रार केली नव्हती. देवादिकांच्या चित्रपटात देव कुठल्या हातानं आशीर्वाद देतो हे कोण बघत बसतं?

पडद्याच्या कडेला, बांबूजवळ, नाना काटकर दोर धरून उभा असायचा. वारा आला की पडदा फुगायचा. मग नाना दोर ताणायचा. नाना लान्सनायक होता, बांगलादेशच्या लढाईच्या वेळी काश्मीरकडे गेलेला. येताना उजवा हात खांद्यापासून नव्हता. दोराचा वेढा कमरेला घालून तो डाव्या हातानं ओढायचा, आणि जत्रेपुरता बाबालालकडून भाकरी-कालवण मिळवायचा.

त्याचा हात कसा गेला, हा गावातला जुना प्रश्न. जत्रेच्या शेवटच्या दिवशी पालखी निघण्याआधी, ज्याचं रक्त लढाईत सांडलंय त्याला देवापुढचा मानाचा नारळ मिळतो. नाव सुभेदार पुकारतात. नानाचं नाव त्यांनी एकदाही पुकारलं नव्हतं. "मी त्याच पलटणीत होतो," ते म्हणत. "त्या दिवशी आमच्यावर एक गोळी आली नाही. ट्रक उलटला आन हात गेला. ट्रकला नारळ देत नसतात." नानाला विचारलं तर तो म्हणायचा, "गेला." एवढंच. त्याची बायको हौसाक्का मात्र दर वर्षी नवं लुगडं नेसून, आरतीचं ताट घेऊन पहिल्या रांगेत उभी राहायची, आणि नारळ संपले की ताट तसंच घेऊन घरी जायची.

चित्रपट साधारण असा. बर्फात एक चौकी, चौकीत एक कॅप्टन, कॅप्टनची एक प्रेयसी जी बर्फात बिनबाह्यांचं घालून गाते, आणि हवालदार सावंत नावाचा आपला मराठा गडी. शेवटच्या हल्ल्यात सावंतच्या हातावर तोफगोळा फुटतो. तशाच हातानं तो चौकी राखतो. मग डॉक्टर त्या रक्ताळलेल्या हाताकडे बघून म्हणतो, "हाथ काटना पड़ेगा." सावंत उठून दुसऱ्या हातानं झेंड्याला सलाम करतो. तेवढ्यात दिवे लागले. चित्रपट संपला. पुढच्या बाजूनं टाळ्या, मागच्या बाजूनं हुंदके.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या पारावर परीक्षण सुरू झालं. मला सरकारी साक्षीदारासारखं मध्ये बसवलं होतं.

"हेल्मेटचा पट्टा बघितला?" सुभेदार म्हणाले. "सगळी लढाई पट्टा सुटलेला. माझ्या कंपनीत असता तर उलटा टांगला असता."

"पट्ट्याचं सोडा," गणपा म्हणाला. गणपा पलटणीत आचारी होता. "सबंध लढाईत एकानं तरी घास खाल्ला का? लंगर कुठाय? डाळ कुठाय? उपाशीपोटी कुणी चौकी राखतंय व्हय? खोटा पिक्चर."

"गाणी झ्याक होती," कुणीतरी मागून म्हणालं.

"गाणी झ्याक होती म्हणून तर खोटा. बर्फात त्या बाईला न्यूमोनिया झाला असता."

"आन शेवट कुठाय? लढाई जिंकली का हरली? मधेच बत्ती लावली बाबालालनं."

"त्योच शेवट हाय," बाबालाल लांबूनच ओरडला. "कलात्मक हाय!"

मला विचारलं गेलं. मी म्हणालो, की युद्धपटात मानवी मूल्यांचा— इथपर्यंत आलो तेव्हा हौसाक्का येताना दिसली. एकटी नव्हती. मागे निम्म्या गावातल्या बायका होत्या, आणि त्या वेळी चुली पेटायला हव्या होत्या.

"सुभेदार," ती म्हणाली, "उद्या नारळ आमच्या ह्यांचा."

"का बरं?"

"का म्हंजे? सबंध गावानं बघितला की! शिनेमा आमच्या ह्यांच्यावरच काढलाय. बर्फ त्योच. गडी मराठा. उजवा हात गेला. डाव्या हातानं सलाम ठोकला. आता आणिक काय दावायचं राह्यलं?"

मग गणपा हसला. "वैनी, डावा हात गेला. सलाम उजव्यानं केला."

"उजवा गेला!" बायका एका सुरात म्हणाल्या.

"डावा!" पार म्हणाला.

"म्या डोळ्यानं बघितलंय!"

"मग आम्ही काय पाठीनं बघितलं?"

सुभेदार उठून उभे राहिले. "हौसाबाई, फौजेत डाव्या हातानं सलाम नसतो. तीस वर्षांत मी बघितला नाही. असला सलाम दाखवायची कुठल्या पिक्चरवाल्याची छाती नाही."

"दावला की त्यानं! तुमाला न्हाई दिसला तर चष्मा लावा."

आता हे भांडण मिटवणं जगातलं सगळ्यात सोपं काम आहे, असं मला वाटलं. मी शिकलेला होतो. मी बाबालालकडून जुन्या पडद्याचा एक तुकडा मागून घेतला, त्यावर कोळशानं ठळक 'हिवरसे' लिहिलं आणि उन्हाकडे धरला.

"हे बघा. या बाजूनं काय दिसतं?"

"हिवरसे," पुरुष म्हणाले.

"आता मागून येऊन बघा."

पुरुषांतला एकही मागे गेला नाही. मागे बायका उभ्या होत्या, त्यांच्यात जाऊन कोण उभं राहणार? मी बायकांना विचारलं, "अक्का, तुम्हाला काय दिसतं?"

"कोळसा," हौसाक्का म्हणाली.

"अक्षरं उलटी दिसतात ना?"

"आवो सर, आमाला वाचाय येतंय कुठं? आमाला ती कशीबी सारखीच."

मी आणखी समजावलं. पडदा एक, चित्र एक. पण मागच्या बाजूनं डावं ते उजवं दिसतं, आरशासारखं. हौसाक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं. ती मला कधी मध्येच तोडत नसे. तिचा पुतण्या माझ्या वर्गात होता.

"म्हंजे आमी बायकांनी उलटं बघितलं?"

"हो."

"आन गड्यांनी सुलटं?"

"हो."

"हे कुणी ठरवलं?"

"मशीन त्यांच्या बाजूला असतं म्हणून."

"मशीन उचलून आमच्या बाजूला ठिवलं तर?"

"तर मग तुमचं सुलटं."

"मग हाताचा काय संबंध? मशीन कुठं ठिवलंय त्यावर गड्याचा हात जातोय व्हय?"

बायका हसल्या. पुरुषही हसले. हिवरशात दोन्ही बाजू कुठल्या गोष्टीवर एकत्र हसल्याचा तो त्या जत्रेतला एकमेव प्रसंग.

"आन सर," गणपा म्हणाला, "तुमी मागं बसला हुता का?"

"नाही."

"मग मागनं काय दिसतं ते तुमाला काय ठावं?"

माझी साक्ष तिथे संपली. दुपारपर्यंत गाव दुभंगलं. गणपाच्या बायकोनं त्याला सांगितलं, की ज्याला उजवा-डावा कळत नाही त्यानं कुठल्या हातानं रांधून जेवायचं तेही स्वतःच बघावं. गणपा आचारी असल्यामुळे त्याचं भागलं. बाकीच्या माजी सैनिकांनी भेळ खाल्ली.

तिसऱ्या प्रहरी सुभेदारांनी तोडगा काढला. त्यांना तोडगा नेहमी नकाशासारखा सुचायचा.

"आज पुन्हा तोच पिक्चर," ते म्हणाले. "आम्ही मागं बसणार. बाया पुढं. तुम्ही काय बघितलं ते आम्ही बघतो, आम्ही काय बघितलं ते तुम्ही बघा. मग पारावर फैसला."

"पण सुभेदार," मी म्हणालो, "असं केलं तर फक्त उलटंपालटं होईल. त्यापेक्षा निम्मे इकडे, निम्मे तिकडे—"

"सर," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रेकी हा विषय तुमचा न्हाई."

त्या संध्याकाळी सगळे बसले आणि मी पडद्याच्या कडेला, नानापाशी उभा राहिलो. दुसरीकडे जागा नव्हती. शिवाय दोन्हीकडचे लोक माझ्यावर चिडून होते. वारा सुटला होता. नाना पाय रोवून, कमरेनं दोर ताणत होता. त्याच्या एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. आणि सावंतचा हात कुठला यावरून त्याचा नारळ ठरवायला सगळे जमलेले.

"नाना," मी हळूच म्हणालो, "तू सांगून टाक ना सगळ्यांना एकदा."

"काय?"

"हात कसा गेला ते."

"दोर धरा जरा," तो म्हणाला. "वारं फिरलंय."

मी दोर धरला. पडद्यावर तोफा धडाडत होत्या. मग डॉक्टर आला, मग सलाम आला, मग दिवे लागले. पण आदल्या दिवशीसारख्या टाळ्या नाहीत की हुंदके नाहीत.

सुभेदार मागच्या बाजूनं बाहेर आले. टोपी काढून हातात घेतलेली. ते काही वेळ नानाकडे बघत उभे राहिले. नाना दोर गुंडाळत होता.

"उजवाच गेला," सुभेदार म्हणाले. "डाव्या हाताचा सलाम. चांगला ठोकला त्यानं. कोपर बरोबर होतं." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हौसाबाई म्हणती ते खरंय. उद्याचा नारळ नानाचा."

"पण सुरुवातीच्या पाट्या?" मी म्हणालो. मला राहवलं नाही. "तुम्हाला तर वाचता येतं. पाट्या उलट्या नव्हत्या?"

"व्हत्या," सुभेदार म्हणाले. "कोड असंल."

सुभेदार रोज सकाळी आरशासमोर दाढी करत. आरसा काय करतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. दहा-बारा वर्षं न दिलेला नारळ द्यायचा, तर माणसाला काहीतरी निमित्त लागतं. त्यांना ते बाबालालच्या पडद्यामागे मिळालं असावं. माझं काम आता फक्त गप्प बसण्याचं होतं. मी गप्प बसलो.

पण पुढच्या बाजूनं हौसाक्का आली. तिचा चेहरा उतरला होता.

"न्हाई सुभेदार," ती म्हणाली. "डावा हात गेला."

"अगं, उजवा! मी आत्ता बघितला!"

"डावा. म्या आत्ता बघितला. काल तुमी म्हणत हुता ते खरं."

"काल मी चुकलो होतो!"

"काल म्या चुकले हुते."

"हौसाबाई, मी नारळ देतो म्हणतोय!"

"कशावर देताय? त्या शिनेमावरच ना? मग त्यो गडी आमचा न्हवं." तिनं पदर खोचला. "दोनदा बघितला म्या. येकदा उजवा गेला, येकदा डावा. ज्याचा हात रोज बदलतोय त्यो आमचा कसा? आमच्या ह्यांचा रोज त्योच हात नसतोय."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्यांना मी काहीतरी समजावून सांगावं असं वाटत होतं. मी तोंड उघडलं. पण सांगणार काय? की अक्का, काल तुम्ही उलटं बघितलं म्हणून नारळ मागितला, आज सुभेदारांनी उलटं बघितलं म्हणून तो कबूल केला, तेव्हा घेऊन टाका? मी तोंड मिटलं.

तोवर बायका आणि पुरुष दोन्हीकडून जमले होते, आणि आदल्या दिवशीचंच भांडण सुरू झालं होतं. फक्त आता बायका डावा म्हणत होत्या आणि पुरुष उजवा. जोर तेवढाच होता. मग दोघांनाही एकदम सुचलं, की बाबालालनं रिळं बदलली.

"मी कशाला बदलू?" बाबालाल मशीनला पाठ लावून उभा राहिला. "मला एकच पेटी परवडती! सर, सांगा की यांना!"

सगळे माझ्याकडे वळले. मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी पालखीच्या वेळी सुभेदारांनी नेहमीची नावं पुकारली. एक नारळ ताटात शिल्लक होता. तो त्यांनीच जादा मागवलेला. ते हौसाक्काकडे बघत थांबले. त्या दिवशी ती पहिल्या रांगेत नव्हती, मागे उभी होती, आणि हातात ताट नव्हतं. तिनं मान हलवली. नाना तंबूकडे होता. आता देवापुढून उचललेला नारळ परत ठेवता येत नाही. पंचांनी कुजबुज केली. शेवटी असं ठरलं, की बर्फीली चौकीतल्या हवालदार सावंतचा कुठला का होईना, एक हात गेला याबद्दल गावात दुमत नाही. तेव्हा नारळ त्याला द्यावा. त्याच्या वतीनं तो बाबालालनं स्वीकारला. गुलालात माखलेला, रडवेला होऊन, वाकून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावातल्या दोन्ही पक्षांना हा निकाल मान्य झाला.

मी तंबूकडे गेलो. नाना खुंट्या उपटत होता. एका हातानं पहार मारायची, पायानं दाब द्यायचा, खुंटी वर आली की दातात दोर धरून ओढायची.

"नारळ सावंतला गेला," मी म्हणालो.

"ऐकला पुकारा."

"तुला काही वाटत नाही?"

"हौसीला वाटंल." त्यानं पुढची खुंटी हलवून बघितली. "आता फुडल्या साली लुगडं घ्यायची न्हाई ती."

मी खुंट्या गोळा करू लागलो. काहीतरी करायला हवं होतं.

"नाना, खरं काय झालं होतं?"

त्यानं पहार जमिनीत रोवली आणि तिला टेकून उभा राहिला. हा प्रश्न त्याला माहीत होता; उत्तरही बहुतेक बऱ्याचदा मनात म्हणून झालं असावं.

"डाळीची पोती न्येत हुतो वर. मी मागं बसलो हुतो, पोत्यांवर. रस्ता बर्फाचा. मोठा आवाज झाला. आता, गोळा पडला म्हणून गाडी उलटली, का गाडी उलटली आन मग गोळा पडला, त्ये मला ठावं न्हाई सर. डायवर गेला. त्येला इचारलं असतं. मी जागा झालो तवा हात न्हवता."

"हे तू सुभेदारांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? लढाईत गेला म्हनावं तर खोटं असंल. न्हाई गेला म्हनावं, तर त्येबी खोटं असंल."

वाऱ्यानं पडद्याचं टोक फडफडत होतं. नानानं ते डाव्या हातानं धरलं, गुडघ्याखाली दाबलं, आणि घडी घालायला लागला.

"पिक्चर तरी कसा वाटला?"

"बाजूनं नुसतं कापड दिसतंय, सर," तो म्हणाला. "दुसरं टोक धरा."

मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी पडद्याची घडी घातली.

शाळेत गेलो तेव्हा फळ्यावर माझा सुविचार तसाच होता. कुणीतरी मुलानं खाली नाव घातलं होतं: हवालदार सावंत. मी तो पुसला आणि 'पाणी जपून वापरा' असं लिहिलं.

यंदा प्रजासत्ताक दिनाला 'बर्फीली चौकी' टीव्हीवर लागला. मी शेवटपर्यंत बसून राहिलो. डॉक्टर म्हणाला, हाथ काटना पड़ेगा. सावंतनं सलाम केला. पण दिवे लागले नाहीत. त्यापुढे आणखी एक रीळ आहे, जे बाबालालकडे कधी आलंच नव्हतं. त्यात मुंबईहून मोठा सर्जन येतो, ऑपरेशन यशस्वी होतं, आणि हवालदार सावंत स्वतःच्या लग्नात दोन्ही हातांनी ढोल वाजवतो.